यज्ञेश्वर गुरुजींचे दात

पंचवटीतल्या त्या गल्लीत मध्यंतरी एक बातमी फार चवीने चघळली गेली. यज्ञेश्वर गुरुजी म्हणे रामकुंडावर यजमानांच्या अस्थींतून दात वेचतात आणि घरी आणून कापसात जपून ठेवतात. एखादा सोन्याने मढवलेला असला तर विचारूच नका. बातमी फोडली सविताने. ती त्यांच्याकडे केरफरशी करते, आणि शोकेसमधल्या डब्यांची झाकणं उघडून पाहिल्याशिवाय तिची धूळ पुसून होत नाही.

बातमी साफ खोटी निघाली. माणसाच्या दाताला गुरुजी शिवतसुद्धा नाहीत. ते दात होते डायनासोरचे, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेले, मोरोक्कोहून कुरियरने आलेले. हे कळल्यावर गल्ली मनापासून हळहळली. शेजारी चोर असता तर त्याच्याबद्दल बोलता तरी आलं असतं. छंदिष्ट निघाला, म्हणजे आता त्याचंच ऐकत बसणं आलं.

आणि ऐकवताना गुरुजी दमत नसत. परदेशी राहणाऱ्या एका यजमानाने वडिलांचं श्राद्ध उरकल्यावर दक्षिणेसोबत चिंचोक्याएवढा दात भेट दिला, तेव्हापासूनचं हे खूळ. त्यातही हवेत ते मांसाहारी डायनासोरचेच. ज्या जिल्ह्याचा कांदा देशभर जातो, तिथे जन्म काढून ज्यांनी कांद्याला उंबरठा ओलांडू दिला नाही, ते हे गुरुजी! पाला खाणाऱ्यांचे दात बोथट, त्यात पाहायचं काय, असं म्हणून ते नाक मुरडत. मग भिंग काढून दाताच्या कडेची करवतीसारखी बारीक धार दाखवत. ही मांस कापायला, हा बाक भक्ष्य निसटू नये म्हणून. रंगात आले की त्यांची स्वतःची कवळी सैल होऊन टकटक वाजे. वरणभाताशी झुंज घेणारा माणूस असा जबड्यांच्या गोष्टी सांगे.

पत्नी इंदिराकाकूंचं दातांशी वैर नव्हतं. वैर होतं ते जागेवरून. शोकेस त्यांनी हौसेने करून घेतली होती आपल्या पितळी भातुकलीसाठी. बंब, जातं, इवलीशी पोळपाट-लाटणी, सगळा संसार माळ्यावर गोणीत कोंबलेला, आणि काचेमागे ऐटीत बसलेले दात.

दिवाळीनंतर वीतभर लांबीचा एक दात आला. गुरुजींनी आधी तो देवापुढे ठेवला, मग मधल्या कप्प्यात. काकूंनी तो उचलून नाकाशी नेला.

"अहो, याला डिंकाचा वास येतोय."

शिवाय मधोमध एक रेघ आहे म्हणाल्या, गणपतीची तुटलेली सोंड चिकटवल्यावर उरते तशी. गुरुजी चरकले. ती रेघ त्यांनीही पाहिली होती आणि पाहिल्याबरोबर भिंग म्यानात घातलं होतं. पण समोर किराणा दुकानवाला सोमनाथ कान टवकारून उभा, त्यामुळे तोंड थांबेना. रामकुंडात अस्थी विरघळतात, पण हा दगड आहे दगड. त्याच पाण्यात दिवसभर बुडवा, ढिम्म हलायचा नाही, असं ते बोलून गेले. काकूंनी शब्द तिथल्या तिथे पकडला. विरघळला तर शोकेस भातुकलीची, दात माळ्यावर. सोमनाथच्या देखत माघार कशी घेणार? गुरुजींनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडाच्या पाण्याने भरलेल्या घंगाळात दात सोडून गुरुजी कुंडावर गेले. तिथे लक्ष कुठलं लागतंय! संकल्पात यजमानाचं गोत्रच चुकलं. हातात अस्थींचा कलश धरलेल्या त्या माणसाने भाबडेपणाने विचारलं, की अस्थी खरंच विरघळतात का हो इथे. गुरुजी रोजच्या सवयीने म्हणाले, विरघळतात तर. आणि मग तेच वाक्य स्वतःशी पुन्हा एकदा पुटपुटले.

दुपारी परतले तेव्हा अंगणात अर्धी गल्ली जमलेली. सविता तर हातातली केरसुणी ठेवायचीही विसरली होती. घंगाळातलं पाणी गढूळ, तळाशी वाळू, वर डिंकाची साय, आणि त्या चिखलात लवंगेएवढं एक टोक.

"गुरुजी, तुमचा राक्षस चहातल्या बिस्किटासारखा गेला की हो," सोमनाथ म्हणाला.

 काकूंनी गोणी आधीच खाली काढून घेतली होती आणि इवलासा बंब चिंचेने घासत बसल्या होत्या.

गुरुजींनी पाण्यात हात घातला, ते टोक काढलं, उपरण्याला पुसलं, घरात जाऊन शोकेसच्या मधल्या कप्प्यात ठेवलं आणि काच लावून बाहेर आले.

"गोणी वर चढव," ते काकूंना म्हणाले. "जन्मभर मी यजमानांना सांगत आलोय, की रामकुंडाच्या पाण्यात अस्थी विरघळतात. विरघळला, म्हणजे अस्सल होता. नसता विरघळला, तर मला शंका आली असती."