एका कान्याचा फरक

छापखान्यात त्याला सगळे रफार म्हणत. उंच, मानेत वाकलेला, सदा दुसऱ्याच्या अक्षरावर झुकलेला मुद्रितशोधक. बाबांनी ठेवलेलं नाव तिथे कुणी वापरत नव्हतं. नावं ठेवायला मात्र कुणी चुकत नव्हतं.

त्या आठवड्यात जुन्या हिब्रू शास्त्राच्या भाषांतराची प्रुफं आली. पहिल्या माणसाची वंशावळ. त्याला स्वतःच्या प्रतिरूपाचा मुलगा झाला आणि त्याने त्याचं नाव ठेवलं, असं तिथे होतं. हा तिसरा मुलगा. थोरल्याचा यादीत पत्ताच नव्हता.

"थोरला कुठे गेला?" त्याने भाषांतरकार बाईंना विचारलं.

"तिथेच तर भांडण आहे. काही पंडित म्हणतात, तो बापाचा नव्हताच. काही म्हणतात, त्याने भावाला मारलं म्हणून नाव गेलं."

"गेलं म्हणजे? गळलं की गाळलं?"

बाई हसल्या. "एका कान्यावर किती पिढ्या भांडल्या, रफार. तळटीपेत मी 'गळले' लिहिलंय. पटत नसेल तर संध्याकाळपर्यंत खूण करा."

त्याचा नियम साधा होता. गळलेलं हंसपदाची खूण करून आत घ्यायचं. गाळलेल्याला हात लावायचा नाही. तो लिहिणाऱ्याचा अधिकार.

खणात आणखी एक प्रूफ होतं. धाकट्या भावाने पाठवलेली घराण्याची वंशावळ. सोबत चिठ्ठी, "दादा, शुद्धलेखन तेवढं बघ." बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या नावाखाली एकच रेघ, रेघेखाली धाकटा. रफार दोन वर्षांचा असताना बाबांनी त्याला घरी आणलं होतं. ही गोष्ट घरात कुणी लपवली नाही, कुणी उगाळलीही नाही.

गेले तीन दिवस तो त्या रेघेशेजारी पेन्सिलीचं टोक टेकवत होता. हंसपद काढत नव्हता.

शेवटी त्याने फोन लावला.

"अरे, बाबांच्या खाली माझं नाव गळलंय का?"

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. "दादा, मी नुसतं टाइप केलं. बाबांच्या हातचा कागद सापडला, तसाच उतरवला. शेवटी शेवटी त्यांना काही आठवायचं नाही ना."

"कागदावर तारीख आहे?"

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मग धाकटा म्हणाला, "माझ्या जन्मानंतर चार दिवसांची."

"बरं."

"मी घालतो रे तुझं नाव. आत्ता घालतो."

"नको. मजकूर त्यांचा आहे."

फोन ठेवल्यावर त्याला ते टेबल आठवलं. तो नऊ वर्षांचा, धाकटा चार दिवसांचा. बाबा मोठ्या कागदावर शाईने रेघा ओढत होते. "ये रे, काही चुकलंय का बघ." त्याने पणजोबांच्या नावातली वेलांटी पकडली. बाबांनी पाठ थोपटली. "घारीची नजर आहे माझ्या पोराची."

कागद त्याने वरपासून खालपर्यंत वाचला होता. चुका शोधल्या होत्या, नाव शोधलं नव्हतं. आयुष्यातलं पहिलं प्रूफ.

संध्याकाळी बाईंनी तळटीप पाहिली. "गळले" वर आडवी रेघ. काना दिलेला नव्हता. समासात लिहिलं होतं, "थोरल्याचे नाव येथे नाही. एवढेच ठेवावे."

"आणि पंडितांची मतं?"

"ती त्यांची त्यांना ठाऊक," तो म्हणाला आणि दुसरा कागद पुढे ओढला.

वंशावळीत दोनच चुका निघाल्या. त्या त्याने सुधारल्या. तळाशी "तपासले" लिहिलं आणि त्याखाली सही केली. नेहमी करायचा तशी आद्याक्षरांची नव्हे. पूर्ण नाव लिहिलं, बाबांनी ठेवलेलं, आणि मध्ये बाबांचं.