रिदा ट्युनिसला कसा गेला

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, बाब जबली या जुन्या वेशीच्या बाहेर, रिदाचं हजामतीचं दुकान आहे. खुर्च्या दोन, काम करणारा एकटाच. दुसऱ्या खुर्चीत बहुतेक वेळा कुणीतरी नुसतं ऐकायला येऊन बसलेलं असतं, कारण रिदाच्या कात्रीपेक्षा त्याचं तोंड जास्त चालतं. त्याच्या गोष्टींमध्ये सगळ्यात जास्त मागणी असायची ती ट्युनिसच्या गोष्टीला. एकोणीस वर्षांचा असताना तो सायकलने राजधानीला, ट्युनिसला गेला होता. पावणेतीनशे किलोमीटर, तीन दिवस, कशासाठी, तर आपल्या फुटबॉल संघाचा कपाचा अंतिम सामना बघायला. सूस शहराच्या अलीकडे चेन तुटली, ती त्याने कुंपणाच्या तारेने बांधली. पुढे एका बाईने त्याला दारात बसवून ताक पाजलं आणि जाताना खिशात अंजिरं कोंबली.

गोष्ट खरी होती. फक्त ती रिदाची नव्हती. ट्युनिसला गेला होता तो त्याचा थोरला भाऊ हमादी. तेव्हा रिदा अकरा वर्षांचा होता आणि मलाही यायचंय म्हणून दारात उभा राहून भोकाड पसरत होता.

त्याने ती ठरवून चोरली असंही नाही. मुलगी सवसन सहा वर्षांची असताना सायकल शिकताना पडली, गुडघा फुटला, परत बसायला तयार होईना. तिला उठवायला म्हणून तो म्हणाला, "अगं, मी ट्युनिसला गेलो ना सायकलवर, तेव्हा किती वेळा आपटलो माहितेय?" तुझा काका म्हणायचं होतं, तोंडातून ‘मी’ निघून गेलं. पोरीने रडं थांबवून असे काही डोळे मोठे केले की तो शब्द परत घ्यायचा त्याला धीर झाला नाही.

त्याच वर्षी ईदच्या जेवणाला हमादी आला. तो लग्नानंतर शेब्बाला राहायला गेला होता, मासेमारी करायचा. सगळे ताटांवर बसलेले असताना सवसन म्हणाली, "बाबा, ती ट्युनिसची गोष्ट काकाला सांगा ना!" रिदाने हातातला घास परत ताटात ठेवला. टाळता आलं असतं. पण सासरे बघत होते, बायको नाजत कौतुकाने बघत होती, आणि त्याने सांगितली. मान खाली घालून, पण सगळी सांगितली. हमादी संत्रं सोलत होता. त्याने सोललेल्या फोडी पुतणीच्या हातात ठेवल्या आणि एवढंच म्हणाला, "लांबचा रस्ता आहे हां तो."

त्या दिवसानंतर गोष्ट जणू रिदाच्या नावावर झाली.

वीस वर्षं गेली. सवसन प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि तिचं लग्न झिएदशी ठरलं. झिएद विजेच्या कामातला तंत्रज्ञ, रविवारी मित्रांबरोबर सायकलवर भटकणारा. पहिल्याच भेटीत तो रिदाच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन, ‘अम्’ म्हणजे काका अशी हाक मारत म्हणाला, "अम् रिदा, सवसनने सगळं सांगितलंय मला. वसंतात आम्ही महदियाला जातोय. शंभर किलोमीटर. पुढे तुम्ही राहायचं, आम्ही पोरं मागून येऊ."

"अरे, माझं वय बघ!"

"जो ट्युनिसला गेला त्याला महदिया म्हणजे काय? पाय मोकळे करणं!"

सवसन अशी फुलून बघत होती की रिदाला ‘बरं’ म्हणावं लागलं. मुलगी सहा वर्षांची असल्यापासून तो सायकलवर बसलेलाच नव्हता.

हाताशी चार महिने होते. साखर वाढलीय, डॉक्टर म्हणाले, असं नाजतला सांगून त्याने एक जुनी सायकल घेतली. म्हणजे आणखी एक खोटं. सोमवारी दुकान बंद असतं. पहिल्या सोमवारी उजाडता उजाडता तो सिदी मन्सूरला जायला निघाला. बारा किलोमीटर. पाचव्यालाच छाती भात्यासारखी व्हायला लागली. दप्तर लावलेली एक शाळकरी मुलगी घंटी वाजवत त्याला मागे टाकून गेली. संत्र्यांच्या गाडीवाल्याने ओळखलं आणि नावाआधी मानाचं ‘सी’ लावून ओरडला, "काय सी रिदा, ट्युनिसला का परत?" रिदाने हात हलवला, पुढच्या वळणावर आडोशाला उतरला आणि सायकल हातात धरून चालत घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय फाकवून उभा होता. गिऱ्हाइकाने आरशातून बघून विचारलं, "काय रे, सुंता परत केली की काय?" सगळे हसले, तोही हसला. संध्याकाळी दुकानाची फळी लावून तो मोबाइलवर लहान मुलासारखं बघत बसला की सीट किती उंच ठेवायची.

हळूहळू त्याला जमायला लागलं. सीट वर घेतली तसे गुडघे दुखायचे थांबले. जड गिअरवर जोर लावायचा नाही, हलक्यावर पाय फिरवत ठेवायचे, हे कळलं. तहान लागायच्या आत पाणी प्यायचं, भूक लागायच्या आत खायचं. म्हणून डब्यात तेलात कालवलेला बसीसा, म्हणजे भाजल्या धान्याचं पीठ, आणि खजूर. जाताना वारा तोंडावर घ्यायचा म्हणजे येताना पाठीवर येतो, हे तो एका सोमवारी उलटं करून, रडकुंडीला येऊन शिकला. दर आठवड्याला पाच किलोमीटर वाढवायचे, त्याहून जास्त नाही, आणि चौथ्या आठवड्याला कमी करायचे. आधी सिदी मन्सूर झालं, मग अल आमरा. फेब्रुवारी संपता संपता जैतुनाच्या रांगांमधून तो जबिनियानाला पोचला आणि त्याच दमात परत आला. जाऊन येऊन सत्तर. परतल्यावर हॉटेलच्या बाकावर कॉफी पिताना त्याच्या मनात आलं की आपण हे खरोखर केलं. आणि लगेच लक्षात आलं की हे कुणाला सांगता येणार नाही. ट्युनिसला जाऊन आलेल्या माणसाने जबिनियानाचं कौतुक कुणाला सांगायचं? आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी काही मिळवलं होतं आणि ते लपवून ठेवायची पाळी आली होती.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुकान बंद ठेवून तो झिएद आणि त्याच्या पाच मित्रांबरोबर निघाला. दुपारच्या आत शेब्बा आलं, पासष्ट किलोमीटर. बंदरावर हमादी उभा होता. सवसनने त्याला फोन केला होता: "काका, बाबा येतायत, बघायला या." तो भाजलेले मासे, पाव आणि हरिसाची तिखट चटणी घेऊन आला होता. बोटींच्या सावलीत सगळे बसले.

मित्रांपैकी एक जण पावाने बोटं पुसत म्हणाला, "अम् रिदा, ती चेनची गोष्ट सांगा ना. झिएदकडून ऐकलीय, तुमच्या तोंडून ऐकू दे."

रिदाने हमादीकडे बघितलं. हमादी काटे काढत होता. आता बोलायला हवं, हे रिदाला कळत होतं. नुसतं बोट दाखवून ‘त्याला विचारा’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण सहा तोंडं त्याच्याकडे वळली होती आणि जीभ आपोआप चालायला लागली. या वेळी तर गोष्ट पूर्वीपेक्षा रंगली. वारा तोंडावर आल्यावर मांड्या कशा भरून येतात, खजूर कधी खायचा, हे चार महिन्यांचं सगळं त्याने त्यात ओतलं. पोरं माना डोलवत होती. झिएद म्हणाला, "बघा, याला म्हणतात सायकलवाला!"

हमादी उठला. "रिदा, जरा इकडे ये. बोट दाखवतो."

बोटीशी जाऊन तो बराच वेळ दोर गुंडाळत राहिला.

"खूया, मी…" भावाला हाक मारून रिदाने सुरुवात केली.

"गोष्ट घेतलीस, घे," हमादी म्हणाला. "मला तिचं काय लोणचं घालायचंय? मला त्यातून काढलंस, त्याचंही काही नाही. मी आहे अजून, जेवतोय, झोपतोय. शेदलीला का काढलंस?"

शेदली. हे नाव रिदाने तीसेक वर्षांत ऐकलं नव्हतं. हमादीचा मित्र, आईबाप नसलेला, आजीने वाढवलेला.

"सायकल एकच होती आमच्यात," हमादी म्हणाला. "एक चालवायचा, दुसरा कॅरिअरवर. दमला की बदली. अर्धा रस्ता त्याच्या पायांचा आहे. तार त्याने बांधली, बोटं कापून घेतली. ताक त्या बाईने त्याला दिलं, तिच्या मुलासारखा दिसतो म्हणून. मला उरलेलं मिळालं. दोन हिवाळ्यांनी ऑक्टोपस पकडणाऱ्या बोटीवर गेला तो परत आलाच नाही, हे तुला माहितेय. पुरायला काही मिळालं नाही. आजी गेली. आता त्याचं नाव घेणारं कोण उरलंय? मी. आणि स्फाक्सभर फिरतेय ती तुझी गोष्ट. तिच्यात तो नाही."

रिदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग त्या ईदला का नाही बोललास?"

"सहा वर्षांच्या पोरीसमोर तिच्या बापाला खोटं पाडू? आज म्हटलं, पोरगी मोठी झालीय, बापही मोठा झाला असेल." त्याने दोर खाली ठेवला. "जा. पोरं थांबलीत."

पुढचे चाळीस किलोमीटर रिदाचे पाय असे चालले की तरुण पोरं मागे पडली. कुणीतरी मागून ओरडलं, "ट्युनिसचे पाय आहेत ते, ट्युनिसचे!" तो मान वळवत नव्हता. घाम डोळ्यात जात होता, तो पुसतही नव्हता.

महदियाला समुद्राकाठी सवसन आणि नाजत गाडी घेऊन थांबल्या होत्या. झिएदने सगळ्यांना फोटोसाठी उभं केलं, रिदाला मधोमध. "थांब," रिदा म्हणाला. "नको काढू." आणि सायकलचं हँडल धरूनच त्याने सांगितलं. ट्युनिसला हमादी गेला होता, शेदलीबरोबर, एका सायकलवर. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मी कधीच गेलो नाही.

झिएदने वर धरलेला फोन खाली घेतला. तो चाचरत म्हणाला, "पण अम् रिदा, आजचे शंभर तर तुमचेच ना?"

"हो. तेवढेच."

परतताना गाडीत सवसन खिडकीबाहेर बघत होती. एल जेम गावाच्या फाट्यापाशी ती म्हणाली, "बाबा, दरवर्षी माझ्या चौथीच्या वर्गाला मी ही गोष्ट सांगते. माझे बाबा म्हणून. पाच वर्गांना सांगितलीय." मग तिने तोंड परत खिडकीकडे वळवलं. नाजतने विचारलं: "आणि ती साखर?" तेही सांगावं लागलं.

दुकानात त्याने मंगळवारीच सांगून टाकलं. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, मानेवर वस्तरा असतानाच, म्हणालं, "म्हणजे इतकी वर्षं केसांबरोबर आमची अक्कलही भादरत होतास तर!" हसण्यावारी नेलं त्यांनी. पण पुढे काही आठवडे, रिदा कुठलीही साधी बातमी सांगायला लागला तरी समोरचा आरशातून विचारायचा, "हे तरी तुझंच का?" रिदाला तेव्हा कात्री खाली ठेवून मागच्या नळावर हात धुवायला जावं लागायचं.

त्याच आठवड्यात गुरुवारी शाळा सुटल्यावर सवसन आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"वर्गाला खरं सांगितलं मी," ती म्हणाली. "मुलं विचारतायत, शेदली दिसायला कसा होता?"

रिदाच्या जिभेवर लगेच चित्र तयार झालं: कुरळे केस, पुढच्या दातांत फट, हसला की डोळे मिटणारे. सगळं इतकं सुरेख जमून आलं की त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्याने ते गिळलं.

"नाही आठवत," तो म्हणाला. "मी त्याच्याकडे कधी बघितलंच नाही गं. मी सायकलकडे बघत होतो."

सवसनने खांद्यावरची पिशवी सारखी केली. "मग काकाला विचारा," ती म्हणाली. "फोनवर नको."

सोमवारी तो शेब्बाला निघाला. काय विचारायचं ते पक्कं होतं. विचारताना तोंड कसं वर करायचं, ते मात्र जबिनियाना मागे पडलं तरी त्याला सुचलं नव्हतं. तो हलक्या गिअरवर पाय फिरवत राहिला.