ओके दाब

"ये, तूच ये. ओके दाब."

सरनं बोट वाकडं करून मले बोलावलं. देवळीच्या बसस्टँडजवळ, कापडाच्या दुकानावर आमचा कंप्युटर क्लास होता. दुकान सरच्या बापाचं, क्लास सरचा. सहा मशिनी, सतरा-अठरा पोट्टेपोट्ट्या. सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. त्या दिवशी सर जावास्क्रिप्ट शिकवून राह्यले होते. फॉर्ममधी असं भरलं तं पानानं हे बोलावं, तसं भरलं तं ते बोलावं. याले 'इफ' म्हणते. मले लई आवडलं होतं ते. गुमसुम पान बोलाले लागते, याचंच नवल वाटे.

मंग सरनं उदाहरण घेतलं. फॉर्मवर आडनावाचा रकाना. प्रवेशाच्या कागदावरून माह्यं आडनाव पाह्यलं, रकान्यात टाकलं, बटन दाबलं. पडद्यावर चौकोन आला. इंग्रजी अक्षरात मराठी लिहेल: 'या, सरकारचे जावई, या! तुमचा नंबर पयला.'

सारे खिदीखिदी हासले. बाजूले बसणारी पोट्टीही हासली. तिले मी रोज माही वही देत होती.

तो चौकोन ओके दाबल्याबिगर जात नाई. तोवर पान अडून राह्यते. सर म्हणे, "ज्याचा मान त्यानंच दाबावं." मी उठली. दाबलं.

दाबलं ना! कोणी हात धरून दाबाले लावलं नव्हतं. आजही त्या बोटाचा राग येते मले.

घरी माय म्हणे, "काऊन वं, भाकर काऊन सरकवली?" माय दिवसभर कापूस वेचून आलती. पोरगी कंप्युटर शिकते म्हून बायांत मिरवे. काय सांगू तिले? म्हटलं, डोकं दुखते.

क्लास सोडला तं सर्टिफिकेट नाई, अन् सर्टिफिकेट नाई तं नोकरी नाई. म्हून जात राह्यली. सरनं ते पान साऱ्या मशिनींत टाकलं होतं, सरावासाठी. रोज कोणी ना कोणी माह्यं आडनाव टाके. चौकोन येई. हासणं होई. मी मुंडकं खाली घालून बसे. काहीच करता येत नव्हतं, बाप्पा, काहीच.

एक दिवस सर जेवाले गेलते. मी त्या पानाचा कोड उघडला. नीट वाचला. माह्यं आडनाव तिथं अवतरणचिन्हात. त्याच्यापुढं ते वाक्य. तवा ध्यानात आलं. या मशिनले माही जात माहीत नाई. तिले सांगा लागते. कोणीतरी खुर्चीवर बसून, एकेक अक्षर दाबून सांगतलं. मंग आमची माय ज्याले नशीब म्हणते, तेही कोणीतरी लिहेलच असंन ना?

ते ओळ पुसली. सहाही मशिनींवरची.

दुसऱ्या दिवशी ओळ वापस. सरपाशी फ्लॉपीत त्या पानाची नक्कल होती.

"कोणं पुसलं होतं?"

"मी."

"काऊन?"

"माह्यं आडनाव उदाहरण नाई, सर."

सर लाल झाले. म्हणे, "आजपासून मशीनले हात लावाचा नाई. उभं राहून पाहाचं अन् जाचं."

खरंच लावू देला नाई. अडीच महिने मांगं उभी राहून शिकली. वहीत स्क्रिप्टा लिहून काढल्या. चुकलं का जमलं, सांगाले मशीन नाई. कंस मोजत बसे बसमधी. सर्टिफिकेट भेटलंच नाई. प्रॅक्टिकल अपूर्ण, म्हणे. एकही जण माह्या बाजूनं बोलला नाई. वहीवाली पोट्टीही नाई.

मंग त्या वहीच्याच भरोशावर कशीबशी वर्ध्यात एका हापिसात लागली. फॉर्मच बनवते. परवा साहेब म्हणे, आडनाव टाकल्याबिगर फॉर्म पुढं जाऊ देऊ नको, माणूस कोणाचा ते आडनावावरूनच समजते. म्या सांगतलं, ते ओळ मी लिहत नाई. तुमी लिहा, अन् खाली तुमचं नाव टाका. साहेब म्हणे, सोमवारपावेतो विचार कर, नाईतं दुसरी पाहतो.

आज रविवार आहे. घरात दुसरं कमावणारं कोणी नाई, मायचे गुडघे गेले. काय होईन ते माहीत आहे मले. विचार करून झाला. ओके मी एकदाच दाबलं होतं.