सिगारेट सोडण्याची राजभाषा

आमच्या डिचोलीच्या हायस्कुलामागे काजूचं एक झाड होतं. मधल्या सुट्टीत दोन मास्तर त्या झाडाखाली विद्यार्थ्यांपासून लपून सिगारेट ओढत. विद्यार्थ्यांना ते माहीत होतं, हेडमास्तरांनाही माहीत होतं. लपणं हा निव्वळ शिष्टाचार होता. त्या दोघांतला एक मी. मूळचा पेडण्यातल्या पार्से गावचा, डिचोलीत भाड्याच्या घरात बायकोबरोबर राहणारा आणि मराठी शिकवणारा. दुसरा गणिताचा मास्तर. तो सुर्ल्याहून, खनिजाच्या ट्रकांमागून बसने यायचा. घरून निघताना पांढरा असलेला त्याचा शर्ट शाळेत पोचेपर्यंत विटकरी झालेला असे.

ते भाषावादाचे दिवस होते. मी मराठीवाला, तो कोकणीवाला. स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकांना गोव्याचे वैरी ठरवायचो आणि घंटा झाली की एकाच पाकिटातून ओढायचो. मग राजभाषेचा कायदा झाला, गोवा राज्य झालं, भांडायला फारसं काही उरलं नाही, आणि तेव्हा कुठे मला त्याचा खोकला ऐकू येऊ लागला.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून घेतला. म्हणाले, "आत धूळ आहे आणि धूर आहे. धूळ थांबवणं माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. धूर तेवढा थांबवा."

ही बातमी सुर्ल्यात पोचली आणि सगळं गाव त्याच्या सिगारेटीला नावं ठेवू लागलं. त्याच्या अंगणासमोरून दिवसभर ट्रक जायचे. तुळशीची पानंसुद्धा तांबडी झाली होती. पण ट्रकाला कोण नावं ठेवणार? घरटी एक माणूस ट्रकावर होता, त्याचा सख्खा भाऊही. तो भाऊच एकदा ट्रक थांबवून, इंजिन चालू ठेवून, खिडकीतून ओरडून त्याला सांगून गेला, "सिगारेट सोड रे, धूर वाईट!"

दुसऱ्या दिवशी काजूखाली तो मला म्हणाला, "मास्तरा, तूं सोडटलो जाल्यार हांवय सोडटलों." (म्हणजे तू सोडलीस तर मीही सोडीन. पुढचंही तो कोकणीतच बोलला, मी मराठीत सांगतो. त्याला कळलं तर पुन्हा भांडेल.)

"माझ्या छातीला काय झालंय?" मी विचारलं.

"तुझी छाती घाल खड्ड्यात. मला सोबत पाहिजे."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर उपकार करतोय अशा थाटात म्हटलं.

शपथ लेखी घ्यायची असं ठरलं. कोणत्या भाषेत, यावर दोन शनिवार गेले. मी म्हणालो, शपथ ही संस्कृतीची गोष्ट, ती मराठीतच शोभते. तो म्हणाला, फुप्फुसं माझी आहेत, त्यांना कोकणी कळते. या चर्चेत आम्ही नेहमीपेक्षा जास्त सिगारेटी ओढल्या. शेवटी सरकारने जो तोडगा काढला होता तोच आम्ही काढला: शपथ कोकणीत, मात्र मराठीचाही वापर करता येईल. खाली दोघांनी सह्या केल्या.

मग मदतीला सगळी डिचोली धावली. हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी आमचा दाखला दिला, त्यामुळे आम्ही ओढत होतो हे ज्या दोन-चार पालकांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. शिपाई रोज आमच्याजवळ येऊन बोलायचा आणि बोलता बोलता वास घ्यायचा. शाळेसमोरचा गाडेवाला मात्र दुखावला. "माझं काय चुकलं, मास्तर?" असं त्याने खरोखर विचारलं. त्याचं मन राखायला आम्ही सिगारेटीऐवजी त्याच्याकडे भजी खाऊ लागलो, आणि महिन्याभरात माझी पँट कमरेला बसेना.

आमचा आपसातला नियम साधा होता. तलफ आली की दुसऱ्याकडे जायचं आणि ती जाईपर्यंत बोलत बसायचं. तो माझ्या तासाला वर्गाच्या दारात येऊन उभा राहायचा. त्याचा चेहरा बघूनच मी मुलांना धडा वाचायला सांगायचो आणि बाहेर जायचो. व्हरांड्यात उभे राहून आम्ही तावातावाने काहीतरी बोलायचो. मुलांना वाटायचं, भाषावाद पुन्हा पेटला.

रविवारी त्याला सुर्ल्यात करमत नसे. बस धरून तो माझ्याकडे यायचा. बायको त्याला पातळभाजी आणि उंडे पाव वाढायची. मला म्हणायची, "बघा, भावोजींचा रंग कसा उजळला. तुमचाच तेवढा उजळलेला दिसत नाही."

तिला संशय होता आणि तो खरा होता. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा सुरू केली होती. दिवसाला एकच, संध्याकाळी बसस्टँडच्या मागे, वर लिमलेटची गोळी. मी स्वतःची समजूत घातली होती की आजारी तो आहे, मी नुसता सोबतीला आहे, आणि सोबत्याने थोडं मागे राहिलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी त्याला धीर द्यायला मात्र मी पुढे. "मन घट्ट कर," असं मी त्याला सांगायचो, तोंडात लिमलेट धरून.

एका रविवारी आम्ही मयेच्या तळ्यावर गेलो. काठावर बसून त्याने पाय पाण्यात सोडले. मग म्हणाला, "पंधरा दिवस झाले, तू ओढतोयस."

हे तो मराठीत म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्याशी पहिल्यांदाच.

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"नाकाने. माझं नाक परत आलंय, मास्तर. सकाळी पोदेर पावांचा डाला घेऊन वाड्याच्या तोंडाशी असतो तेव्हाच मला वास येतो. तुझी लिमलेट काय लपवणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू शरमेने येणं बंद केलं असतंस. मी एकटा पडलो असतो तर दोन दिवसांत गाड्यावर गेलो असतो. तू खोटं खोटं तरी माझ्याबरोबर होतास ना? मी त्याच्यावरच दिवस काढले."

मी आयुष्यात पुष्कळांना उपदेश केले आहेत. त्या दिवशी उपदेश न करता एका माणसाने मला जितकं खाली बघायला लावलं, तितकं कुणीच लावलं नाही. खिशात अर्धं पाकीट होतं, ते मी काढलं. ते तळ्यात फेकून द्यावं असा नाट्यमय विचार मनात आला, पण तो म्हणाला, "मासळी मरेल रे." मग घरी जाऊन चुलीत घातलं. बायको बघत होती. तिने फुंकणीने दोनदा जोरात फुंकर मारली.

त्यानंतर मी खरंच सोडली. पहिले दहा दिवस मी हेडमास्तरांवर ओरडलो, गाडेवाल्यावर ओरडलो, व्याकरणाच्या तासाला क्रियापदांवर ओरडलो. आता वर्गाच्या दारात उभं राहण्याची पाळी माझी होती. तो फळ्यावरचं गणित अर्धं सोडून बाहेर यायचा.

पुढच्या काजूच्या हंगामात मी त्याला माझ्या गावी, पार्श्याला नेलं. आमची बाग डोंगराच्या उतारावर आहे. वर चढताना पूर्वी मीसुद्धा दोनदा बसायचो. तो न थांबता चढला, वर पोचून कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि खाली माझ्याकडे बघत हसू लागला. काजूच्या पिकल्या बोंडूंचा वास सगळ्या उतारावर भरला होता. माझ्या थोरल्या भावाने बोंडू पिळून नुकताच गाळलेला नीरो पेल्यातून त्याला आणून दिला. थंड, गोड, घशाला किंचित खाजणारा. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि भावाला विचारलं, "दर वर्षी असाच असतो?"

"असाच," भाऊ म्हणाला.

"मी चाळीस वर्षं पितोय. मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला आणि पेला पुन्हा पुढे केला.