खोट्या पुढाऱ्याचं मानपत्र

अण्णांना जाऊन आठ महिने झाले. मुरुडच्या घरातली त्यांची कपाटं मी एकेक करून रिकामी केली. जुने दिवाळी अंक, शब्दकोश, वाळलेल्या शाईची दौत, सगळं सापडलं. त्यांनी लिहिलेलं एकही मानपत्र मात्र सापडलं नाही. सापडणार नव्हतंच. मानपत्राची नक्कल ते कधी ठेवत नसत. "कागद सत्कारमूर्तीचा असतो, आपण कशाला ठेवायचा?" म्हणायचे.

माझे वडील शाळेत मराठी शिकवत. गावात सत्कार ठरला की लोक शाल-नारळ आणायच्या आधी आमच्या घरी यायचे. सभापती, चेअरमन, आमदार, बदली होऊन चाललेले डॉक्टर, सगळ्यांची मानपत्रं अण्णांच्या वळणदार अक्षरातली. सभेत ती वाचायचेही तेच, सावकाश, एकही शब्द न गाळता. त्यातलं निम्मं खरं नसतं, हे त्यांना कळत होतं. एकदा मी तसं बोलले, तर म्हणाले, "अगं, माणूस आहे तसा लिहिला तर त्याचा सत्कार कशाला ठेवतील?"

मग गावात सिनेमावाले आले. गोष्ट विनोदी होती. मुंबईतली एक गाजलेली नटी आपल्या बंगल्याची अडकलेली परवानगी सोडवायला गावाकडच्या पुढाऱ्याला भेटायला येते, आणि पुढाऱ्याला वाटतं, ती आपल्या पक्षात यायलाच आली आहे. भेटीआधी मंडपात दोघांचा सत्कार, आणि सत्कारात मानपत्र. कुणीतरी दिग्दर्शकाला अण्णांकडे पाठवलं.

"सर, तुम्ही नेहमी लिहिता तसं लिहा, वाचता तसं वाचा. अभिनय अजिबात करू नका," दिग्दर्शक म्हणाला.

अण्णा नको म्हणत होते. मी सुट्टीत नांदेडहून आले होते. "करा की अण्णा, तेवढीच गंमत," असं मीच म्हणाले.

चार दिवस ते लिहीत बसले. मी चहा घेऊन गेले की कागदावर हात ठेवायचे.

"एवढं काय लिहिताय? पुढारी तर नट आहे."

"म्हणून तर," ते म्हणाले. "आजवर खऱ्या माणसांबद्दल नाही नाही ते लिहिलं. ह्या बाबाला ना मतं मागायची, ना त्याला कशाचा राग येणार. पुढारी कसा असावा, ते एकदा लिहून टाकतो."

मी निघायच्या दिवशी त्यांनी तीन पानं माझ्या हातात दिली. "शुद्धलेखन नको बघू. मजकूर बघ."

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर दुसऱ्यांचीच पुस्तकं हाताळते. माझ्या बसची वेळ झाली होती. मी पहिलं पान वाचलं आणि पुढची दोन नुसती उलटली.

"छान आहे, अण्णा."

"सगळं वाचलंस?"

"हो ना."

त्यांनी कागद परत घेतले आणि कडा जुळवल्या.

शूटिंगचं शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. "लई वेळ वाचत होते बघ तुझे अण्णा! ती नटी घामानं चिंब झाली, तरी ह्यांचं आपलं चालूच. अन् संपल्यावर कागद त्या पुढाऱ्याच्या हातात दिला. खरा पुढारी असल्यावाणी, वाकून."

सिनेमा लागला तेव्हा मी अण्णांना नांदेडला बोलावून घेतलं. ते नवा सदरा घालून आले. पडद्यावर ते उभे राहिले, चष्मा सारखा केला आणि वाचू लागले, "महोदय, आपण मत मागायला आलात, त्या दिवसापेक्षा काही न मागता आलात, तो दिवस आमच्या अधिक लक्षात आहे."

तेवढ्यात पुढाऱ्याची मान कलंडली. तो घोरू लागला. अण्णांचा आवाज गेला आणि त्या जागी बँड वाजू लागला. घड्याळाचे काटे गरागरा फिरले, नटी चक्कर येऊन पडली, तिला उचलून नेलं, मंडपवाले खुर्च्या गोळा करू लागले. अण्णांचे ओठ हलतच होते. सगळं थेटर हसत होतं.

मीही हसले. मोठ्यानं. शेजारी बसलेल्या अण्णांनी पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

बाहेर पडताना एकानं त्यांना ओळखलं. "अहो, तुम्हीच ना ते? लई हसवलंत राव!" अण्णांनी हात जोडले. रिक्षात मात्र एवढंच म्हणाले, "वाचणारा फार कंटाळवाणा होता."

त्यानंतर मानपत्रासाठी कुणी आलं की ते हात कापतो म्हणून सांगायचे. त्यांचा हात कापत नव्हता.

शोकसभा शाळेच्या मैदानावर झाली. त्यांचा एक विद्यार्थी आता तालुक्यात पुढारी आहे. त्यानं पडदा लावून सिनेमातला तेवढा तुकडा दाखवला. लोक आधी तोंडावर रुमाल धरून हसले, मग मोकळेपणानं.

"ताई, सर असे हसवताना लक्षात राहावेत, म्हणून मुद्दाम लावलं," तो मला म्हणाला.

"बरं केलंत," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? हसायला मी कुठे मागे होते?

दुसऱ्या दिवशी मी सिनेमा कंपनीच्या ऑफिसला फोन केला. एका मुलीनं नीट ऐकून घेतलं. "मॅम, असे कागद शूटिंग संपलं की टाकून देतात. आणि तिथे म्युझिक आहे ना, त्यामुळे सरांचा आवाज कुणी ठेवला नसेल. सॉरी हं."

तो तुकडा आता माझ्या मोबाइलवर आहे. मी आवाज बंद करून बघते. अण्णा वाचत असतात. मागे नटी डोळे फिरवते, तिच्याकडे मी बघत नाही. मग ते थांबतात, अंगठा ओला करतात आणि पान उलटतात. तिथून पुढचं मी वाचलेलं नाही.