अंधारात पुसायचे चष्मे

मोठे डॉक्टर आणि त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाई यांचं भांडण जुंपलं, तेव्हा मावशी शेजारच्या मोरीत फडकी पिळत होती. कान द्यायचा नव्हता, पण दार अर्धं उघडं आणि आवाज पुरते उघडे.

"बाकी सगळ्या पिल्लांचे डोळे लांबले, हिचेच कसे नाहीत?" मोठे डॉक्टर विचारत होते. "कुणीतरी उजेडात चष्मा काढतंय."

"कोण काढणार, सर?"

"मावशी. दुसरं कोण हात लावतं? आली असेल दया."

"मला नाही तसं वाटत."

"तुम्हाला न वाटून माप बदलतं का?"

मावशीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

त्या प्रयोगशाळेत माकडांच्या पिल्लांना चष्मे लावत. भिंगाने डोळा फसतो आणि गोटीसारखा गोल राहायचा तो अंड्यासारखा लांबट वाढतो. आपल्या पोरांना लांबचं दिसेनासं होतं ते डोळा असा लांबल्यामुळेच. पोराचा डोळा वाढायला वर्षं लागतात, माकडाचा महिन्यांत वाढतो, म्हणून मापं माकडांची घ्यायची. पण पिल्लाने उजेडात थोडा वेळ जरी चष्म्यावाचून पाहिलं, तरी डोळा पुन्हा ताळ्यावर येतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून दूध, केळं, लाळ यांनी बरबटलेले चष्मे पुसायचे ते खोलीतला दिवा मालवून. हे काम मावशीचं. तिच्याकडे पिल्लं यायची ती चष्म्यासकट, त्यामुळे एकाचाही उघडा, बिनचष्म्याचा डोळा तिने कधी पाहिला नव्हता.

आणि म्हणे दया आली!

मावशीने उत्तर घोळवून तयार ठेवलं. विचारू देत तर खरं. पण कुणी विचारलंच नाही. तोंडावर म्हणाले असते तर तिने तिथल्या तिथे झटकून टाकलं असतं. हे दाराआडून आलेलं. उत्तर द्यायचं तर आधी "मी ऐकत होते" हे कबूल करायला हवं. ते तिच्या जिवावर यायचं. मोठे डॉक्टर जाता जाता "दिवा मालवला ना, मावशी?" म्हणाले, की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ते तर सगळ्यांनाच विचारत, पण तिला तो टोमणाच वाटे.

तिने पिल्लांच्या खोलीच्या दाराच्या फटीला चिंध्या लावल्या. घरीही हाताला तेच वळण लागलं. नवऱ्याने पुसायला चष्मा काढला की हिचं बोट दिव्याच्या बटणावर.

"अगं, मी माकड नाही."

"अंधारात तेवढं कळत नाही हो."

नवरा हसायचा. तिचं हसू मात्र ओठांवरच राहायचं.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले, मग वारले. उत्तर मावशीच्या पोटातच. शेवटी तिचाही नोकरीतला शेवटचा दिवस उजाडला. डॉक्टरीणबाई आता सगळ्यांच्या वर होत्या. त्यांनी तिला शाल दिली, चार शब्द बोलल्या. मावशीने धीर केला.

"बाई, त्या ठकीचे डोळे का हो लांबले नव्हते?"

"कुठली ठकी?"

"कान चिरलेली. तुमचं आणि मोठ्या डॉक्टरांचं वाजलं होतं बघा."

"अगंबाई, ती!" बाई हसल्या. "काही नव्हतं हो. एखाद्या पिल्लाचा डोळा भिंगाला दादच देत नाही. पोरांचंही तसंच, एका घरात थोरल्याला चष्मा लागतो, धाकट्याला नाही. सरांनी तर लगेच मान्य केलं होतं, मावशींवर उगाच आळ घेतला म्हणून."

"मला नाही कुणी सांगितलं."

"तुम्हाला कशाला सांगणार? आळ तरी कुठं ठाऊक होता तुम्हाला?"

इतकी वर्षं सांभाळलेला राग, आणि आता तो ठेवायला जागाच नाही. ज्याच्यावर काढायचा तो माणूसही नाही. हातातली शाल तिने खुर्चीवर टाकली.

पुसायची वेळ झाली होती. ती पिल्लांच्या खोलीत गेली, दार लावलं, चिंधी फटीत सारली. कोपऱ्यातलं नवं पिल्लू भिंगांमागून तिच्याकडे टकामका बघत होतं. एकदा, एकदाच याचे डोळे उजेडात उघडे बघावेत, असं तिला वाटून गेलं. कोण विचारणार होतं? कधी कुणी विचारलं होतं?

तिने दिवा मालवला. चाचपत पट्टा सोडला. पिल्लाने नेहमीसारखा तिचा अंगठा धरला. दुसऱ्या हाताने तिने दोन्ही भिंगं पुसली, चष्मा चढवला, पट्टा कानामागे नीट बसलाय ना ते बोटांनी पाहिलं आणि मगच दिवा लावला.