गजावरच्या दोन खाचा

तात्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी उसाला पाणी देत होतो. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते एवढंच, की आता ते त्यांना कधीच सांगता येणार नाही…

तात्या माझ्या वडिलांचे मावसभाऊ. निमगाव केतकीला आमचा बांधाला बांध. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली, आणि लांडग्यावर ठेवलेली नजर पुढं माणसांवरही तशीच राहिली. डेअरीत दूध घालायला गेले तरी आधी माप उलटं करून बघायचे. नव्वदनंतर रानडुकरांनी आमच्या मक्याची पार वाट लावली आणि पीक राखायला मला बंदुकीचा परवाना मिळाला. पुण्याच्या दुकानात दोन बंदुका समोर आल्या. एक काडतुसाची, नवीकोरी, झटक्यात भरणारी. दुसरी ठासणीची, तिच्यात दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून घालायचे नि गजानं ठासायचे. मला अर्थातच पहिली हवी होती. तात्यांनी काडतूस कानाशी हलवून बघितलं आणि मला म्हणाले, "हे भरताना तू हितं हुतास का?" दुकानदार हसला, मी ओशाळलो. घरी आली ती ठासणीचीच.

गजावर त्यांनी कानशीनं दोन खाचा पाडल्या. नळी रिकामी असली की गज वरच्या खाचेपर्यंत आत जायचा, भरलेली असली की खालच्या. माझ्याकडून बंदूक घेतली की आधी गज. मी रिकामी आहे म्हटलं तरी गज. मला फार लागायचं ते. सख्ख्या पुतण्यासारखा मी, आणि माझ्यावर एवढाही भरवसा नाही?

मग ती सकाळ. एका बाराची दारू मोजून मी एकेक पुडी बांधायचो. बंदूक भरायला बसलो आणि लाइट आली. मोटर चालू करायला धावलो, परत येऊन बंदूक भरली. तेवढ्यात तात्या आले, त्यांनी गज घातला, तर खालची खाचसुद्धा नळीच्या तोंडाबाहेर चार बोटं राहिली. "दोनदा भरलीस," ते म्हणाले. "उडवली असतीस तर डोळं गेलं असतं." मी साफ नाकारलं. उलट माझी खात्रीच झाली, की मी मोटरीकडं गेल्यावर यांनीच आधी एक बार ठासून ठेवला, स्वतःचं खरं करायला. तसं तोंडावर बोललोही. त्यांनी दोन्ही बार उपसून काढले आणि ते निघून गेले. चार दिवसांनी बायकोनं धुवायच्या शर्टाच्या खिशातून रिकाम्या पुड्यांचे कागद काढले. दोन होते… मी ते चुलीत टाकले आणि गप्प बसलो. पुढं बोलणं सुरू झालं, पण हे कधी निघालं नाही.

शेवटची भेट निवडणुकीच्या आधीची. तेव्हा बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. इंदापूरला जाताना त्यांच्या दारात थांबलो. ते खाटेवर होते. बंदूक मांडीवर घेतली तसा मी गज पुढं केला. त्यांनी तो घेतलाच नाही.

"रिकामी हाय न्हवं?"

"व्हय, तात्या."

"मग झालं."

माझ्या शब्दावर विश्वास बसला होता, की आजारानं हातच उचलवत नव्हता? की त्यांना सगळं ठाऊक होतं आणि मी तोंड उघडतो का, ते बघत होते? माझ्या ओठांवर आलं होतं. नाही बोललो मी. नालायकच म्हणायचं.

परवा बंदूक सोडवायला ठाण्यात गेलो. हवालदारानं ती हातात दिली आणि मी तिथंच गज घातला. तो चिडला. "रिकामीच हाय की. आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"तुमच्यावर हाय, सायेब," मी म्हणालो. "माझाच माझ्यावर न्हाई."

गज वरच्या खाचेपर्यंत आत गेला. मी तो बाहेर काढला आणि पुन्हा एकदा घातला.